खेकड्याच्या पिल्लाला सगळे वेगळाच प्राणी समजायचे, एका लष्करी डॉक्टरने खरं काय ते शोधून काढलं

दहिसरच्या मासळी बाजारात लहान-मोठ्या, नर-मादी अशा सगळ्या चिंबोऱ्या बघायला मिळतात. पण चिंबोरीचं अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू तुम्ही कधी पाहिलंय का?

पाहिलं असतं तरी ओळखता आलं नसतं. आकार जेमतेम एक मिलिमीटर, अंग काचेसारखं पारदर्शक आणि शरीराच्या मानाने डोळे अवाढव्य. पाठीवर एक लांब काटा आणि डोळ्यांच्या मधून खाली आलेला दुसरा. नांग्या नाहीत की चालायचे पाय नाहीत. मागे मात्र लांब शेपटी आणि तिच्या टोकाला दोन फाटे.

या अवस्थेला म्हणतात झोईया. गंमत म्हणजे हे नाव पिल्लाचं नव्हतंच. १८०२ मध्ये लुई बोस्क या फ्रेंच अभ्यासकाने हा एक वेगळाच प्राणी आहे असं समजून त्याला हे नाव दिलं होतं. पुढे पंचवीसेक वर्षं पुस्तकांत तेच छापलं जात होतं.

ही समजूत मोडली जॉन वॉन थॉम्पसन या माणसाने. तो कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हता. ब्रिटिश लष्करात डॉक्टर होता.

ड्युटी लष्कराची, नाद समुद्राचा

थॉम्पसनचा जन्म १७७९ चा. तो वाढला इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या बेरिक गावात. वैद्यकीचं शिक्षण घेऊन वयाच्या विशीतच तो सैन्यात असिस्टंट सर्जन म्हणून भरती झाला. त्यानंतर बदल्यांचं चक्र सुरू झालं. आधी वेस्ट इंडीज, मग हिंदी महासागरातलं मॉरिशस.

जिथे जाईल तिथली झाडं आणि प्राणी तो टिपून ठेवायचा. १८०७ मध्ये त्याने बेरिकच्या परिसरातल्या वनस्पतींवर पुस्तकही काढलं.

१८१६ मध्ये त्याची बदली आयर्लंडच्या कॉर्क शहरात झाली. कॉर्कला मोठं बंदर आहे. थॉम्पसन होडीत बसायचा, बारीक कापडाची जाळी पाण्यातून ओढायचा आणि जाळीत राहिलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. आज समुद्रात तरंगणारे सूक्ष्म जीव पकडायला जगभर अशीच जाळी वापरतात. ती वापरणाऱ्या अगदी पहिल्या लोकांमध्ये थॉम्पसनचं नाव घेतलं जातं.

या जाळीत त्याला झोईया सापडले.

कात टाकताना मेलेला झोईया

त्यातला एक मोठा झोईया त्याने समुद्राच्या पाण्यात जिवंत ठेवला. तो कात टाकता टाकताच मेला. पण त्या अर्धवट सुटलेल्या कातीच्या आत थॉम्पसनला वेगळीच ठेवण दिसली. खेकड्याच्या जातीच्या प्राण्यांना असतात तसे पाय आत तयार होत होते.

संशय आला, पण पुरावा हवा होता. तो १८२७ मध्ये मिळाला. थॉम्पसनने अंडी असलेली खेकड्याची मादी मिळवली आणि अंडी फुटेपर्यंत वाट पाहिली. अंड्यातून छोटे खेकडे नाही, झोईया बाहेर आले! १८२८ पासून त्याने कॉर्कमधूनच आपलं संशोधन भागाभागाने छापायला घेतलं.

झोईयाचा खेकडा होतो कसा?

झोईया ज्या अवयवांनी पोहतो, त्या असतात जबड्याजवळच्या पायांच्या दोन जोड्या. त्यांच्या टोकाला पिसांसारखे केस असतात. तेच अवयव मोठ्या खेकड्यात तोंडाचा भाग बनतात आणि घास आत ढकलायचं काम करतात. पाठीचा आणि पुढचा काटा पाण्यात तोल सांभाळायला आणि छोट्या शिकाऱ्यांपासून वाचायला उपयोगी पडतो.

झोईया अनेकदा कात टाकतो. आपल्या चिंबोरीत झोईयाच्या सहसा पाच पायऱ्या असतात. त्यानंतर येतो मेगालोपा. याला नांग्या असतात, चालायचे पाय असतात, डोळे देठावर आलेले असतात. पण शेपटी अजून मागे पसरलेलीच असते आणि तिच्या खालच्या वल्ह्यांनी तो पोहतो. हा मेगालोपासुद्धा आधी स्वतंत्र प्राणी म्हणूनच नोंदवला गेला होता!

मेगालोपाने कात टाकली की शेपटी पोटाखाली दुमडली जाते आणि छोटा खेकडा तयार होतो. चिंबोरी उलटी केली की पोटावर जी झाकणी दिसते, तीच ही शेपटी. मादीची रुंद, नराची अरुंद.

म्हणजे पुस्तकांतले तीन वेगळे प्राणी प्रत्यक्षात एकाच प्राण्याची तीन वयं होती.

पण लोकांनी मानलं नाही

जर्मन अभ्यासक राथके यांनी गोड्या पाण्यातल्या क्रेफिशची अंडी तपासली होती. त्यातून थेट आईसारखंच पिल्लू निघतं, हे त्यांनी १८२९ मध्ये मांडलं. १८३५ मध्ये वेस्टवूड या इंग्रज अभ्यासकाने वेस्ट इंडीजमधल्या एका खेकड्याची पिल्लं तपासली. तीही आईसारखीच दिसली. मग रूपांतर वगैरे काही नसतंच, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याच वर्षी, रॉयल सोसायटीच्या त्याच नियतकालिकात, थॉम्पसनने झोईया, मेगालोपा आणि खेकडा हा पूर्ण क्रम मांडला.

मग खरं कोण बोलत होतं? उत्तर दहिसर नदीच्या दोन टोकांना आहे.

ही नदी नॅशनल पार्कातल्या तुळशी तलावापाशी उगम पावते आणि मनोरीच्या खाडीला मिळते. वरच्या जंगलातल्या ओढ्यांमध्ये गोड्या पाण्यातले खेकडे राहतात. त्यांची अंडी मोजकी पण मोठी असतात. झोईयाची अवस्था अंड्यातच उरकते आणि बाहेर येतो तो छोटा खेकडाच. पिल्लं काही दिवस आईच्या पोटाखालीच राहतात.

खाली खाडीतल्या चिंबोरीचं उलटं. ती लाखो बारीक अंडी देते. पिल्लांना समुद्राचं खारं पाणी लागतं, म्हणून अंडी घेऊन मादी खाडीतून समुद्राकडे जाते. साधारण तीन आठवड्यांनी मेगालोपा किनाऱ्याकडे येतो आणि कांदळवनाच्या चिखलात आसरा शोधतो.

म्हणजे विरोधकांनी जे पाहिलं ते खोटं नव्हतं. त्यांनी एका जातीवरून सगळ्यांचा नियम बनवला, हा घोळ होता. पुढे राथके यांनी स्वतः समुद्री जातींचं रूपांतर मान्य केलं.

शेवट सिडनीत

मान्यता मिळायला लागली, तेव्हा थॉम्पसन युरोपात नव्हता. १८३५ मध्ये त्याला ऑस्ट्रेलियात सिडनीला पाठवलं गेलं. तिथे कैद्यांच्या वैद्यकीय सेवेची जबाबदारी त्याच्याकडे होती. १८४७ मध्ये तिथेच तो वारला.

त्याच जाळीने त्याने आणखी एक कोडं सोडवलं होतं. होड्यांच्या तळाला चिकटणारे बार्नाकल तेव्हा शिंपल्यांच्या वर्गात मोडायचे. त्यांची पिल्लं पाहून ते खेकडा-कोळंबीचे नातेवाईक आहेत, हे त्याने १८३० मध्ये दाखवलं. पुढे चार्ल्स डार्विनने याच बार्नाकलवर आठ वर्षं काम केलं.

मुंबईतही हा धागा पुढे गेला. तारापोरवाला मत्स्यालयाशी जोडलेले बोमन छापगर यांनी १९५६ मध्ये मुंबईच्या खेकड्यांचं प्रजनन आणि त्यांच्या लार्वा अवस्थांवर शोधनिबंध लिहिला.

हे सगळं आज कशाला जाणून घ्यायचं? कारण चिंबोरीला जगायला एक जागा पुरत नाही. पिल्लांना स्वच्छ समुद्र लागतो, परतल्यावर कांदळवन लागतं आणि मधली खाडीची वाट मोकळी लागते. यातलं एक तुटलं तरी पुढची पिढी तुटते. त्यामुळे पोटाखाली अंड्यांचा गोळा बाहेर दिसत असलेली चिंबोरी जाळ्यात आली, तर ती परत पाण्यात सोडणं शहाणपणाचं. त्या गोळ्यात लाखो झोईया जन्माची वाट बघत असतात.