मिरजेचे खाँसाहेब आणि तीन मिनिटांची तबकडी

अहमदाबादकडून येणारी गाडी बाजवा स्थानक मागे टाकते आणि बडोदे येते. कलावंतांना आश्रय देणाऱ्या सयाजीराव गायकवाडांच्या या नगरीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात उत्तरेकडचा एक तरुण गवई भावासह दाखल झाला. अब्दुल करीम खाँ यांचा जन्म 1872 मध्ये कैराना येथे झाला होता. दरबारात त्यांना मान मिळाला, स्थैर्यही मिळाले. मात्र सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई आणि खाँसाहेब यांच्यात अनुराग निर्माण झाला आणि 1898च्या सुमारास दोघांनी बडोदे सोडून मुंबई गाठली. राजाश्रयावर पाणी सोडून केलेला हा संसार होता.

पुढे मिरज हे त्यांचे घर झाले. 1913 मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स यांच्या श्रुतिविषयक संशोधनाला त्यांच्या सुरेल गळ्याचे साहाय्य लाभले. म्हैसूरच्या दरबारातील वास्तव्याने कर्नाटक संगीताची ओढ लावली आणि त्यांच्या सरगमीला वेगळे वळण मिळाले. बाल केसरबाई केरकरांनाही कोल्हापुरात काही महिने त्यांची तालीम मिळाली, हे गोमंतकीय रसिकांनी विसरू नये.

संसार मात्र टिकला नाही. 1922च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन विभक्त झाल्या. मुलांची नावेही बदलली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या, सकीना पुढे सरस्वती राणे म्हणून गाजल्या. वडिलांचे नाव पुसले गेले, तरी त्यांची गायकी या भावंडांच्या कंठात राहिली. आडनावात उरले ते बडोदे!

खाँसाहेबांचा आवाज मैफलीबाहेर नेला तो ध्वनिमुद्रिकेने. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच त्यांनी ध्वनिमुद्रण केले. पुढे ओडियनसाठी गायलेल्या रचना अधिक गाजल्या. अनेक बुजुर्ग विद्या चोरीला जाईल या भीतीने यंत्रापासून दूर राहत, तेव्हाची ही गोष्ट. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तासभर विस्तारणारा राग त्या चौकटीत बसवणे म्हणजे कसोटीच. पण त्यांची संथ, आर्त स्वरलगावाची शैली तेवढ्या अवकाशातही भिनत असे. मराठी नाट्यपदे आणि त्यागराजांची कृतीही त्यांनी मुद्रित केली.

गदगच्या एका शाळकरी मुलाने त्यांची झिंझोटीतली ठुमरी अशीच तबकडीवर ऐकली आणि तसे गाता यावे म्हणून अकराव्या वर्षी घर सोडले. ग्वाल्हेर, जालंधर असे उत्तरेत भटकून भीमसेन जोशी परतले, तेव्हा गुरू लाभले ते घराजवळच, कुंदगोळला. ते सवाई गंधर्व, म्हणजे खाँसाहेबांचेच शिष्य. नव्वदच्या दशकात न्यू यॉर्क आणि लॉस एंजेलिसचे हिप हॉप अल्बम ऐकत जगभरची मुले रॅप शिकली. गुरूचे तोंडही न पाहता गाणे उचलण्याची ही वाट आपल्याकडे या काळ्या तबकड्यांनी फार आधी खुली केली होती. फरक इतकाच की तबकडी ऐकून तृप्त न होता भीमसेन गुरूच्या शोधात निघाले.

1937च्या ऑक्टोबरमध्ये मद्रासहून पाँडिचेरीला अरविंदांच्या आश्रमाकडे जात असताना खाँसाहेबांना छातीत वेदना होऊ लागल्या. सिंगपेरुमाळकोविल या लहानशा स्थानकावर ते उतरले. फलाटावरच बिछाना घातला गेला. दरबारीच्या सुरांत त्यांनी प्रार्थना केली आणि 27 ऑक्टोबर रोजी देह ठेवला. पार्थिव मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन करण्यात आले. तेथील उरुसात आजही गवई त्यांच्या स्मरणार्थ हजेरी लावतात.