मणपाडच्या किनाऱ्यावर संत फ्रान्सिस झेवियर
लिस्बनहून गोव्याला पोहोचण्यास संत फ्रान्सिस झेवियर यांना १३ महिने लागले होते. पाच महिने उलटले नाहीत तोच, १५४२ च्या सप्टेंबरअखेर, ते पुन्हा नावेत बसले. कन्याकुमारीचा वळसा घालून ही नाव, परंपरेनुसार, मणपाड या परवर मच्छीमारांच्या गावी लागली. परवरांचा स्नानसंस्कार काही वर्षांपूर्वीच झाला होता. परंतु आपण ख्रिस्ती आहोत, यापलीकडे त्यांना काही सांगता येईना. तामिळ जाणणाऱ्यांसह बसून संतांनी प्रार्थना त्या भाषेत उतरवल्या, पाठ केल्या आणि हाती घंटा घेऊन ते लोकांना बोलावीत फिरले. आपण त्यांच्या चमत्कारांविषयीच अधिक बोलतो. आम्हांला हे कष्ट मोठे वाटतात. विश्वासांगीकारात ‘विश्वास ठेवतो’ याऐवजी ‘हवे आहे’ असा शब्द पडला होता. तो बदलावा, असे त्यांनी १५४४ साली सहकारी मान्सिल्हास यांना पत्राने कळवले.