कॅमेरा बनवणारा चित्रकार

जुनी यंत्रे दुरुस्त करणारा कारागीर काम करताना तुम्ही कधी लक्ष देऊन पाहिला आहे का? मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन सुरू झाले. त्या काळच्या अनेक टीव्हींत काचेचे व्हॉल्व असत. बटण दाबल्यावर ते तापायला वेळ लागे, मग हळूहळू चित्र दिसू लागे. असा जुना टीव्ही दुरुस्तीला आला की कारागीर आधी त्याचे मागचे झाकण काढतो. एकेक भाग तपासतो. कोणता भाग चालतो आणि कोणता निकामी झाला आहे ते पाहतो. या पाठात तुम्हांला अशाच एका माणसाची ओळख होणार आहे. त्यांच्या तरुणपणी टीव्ही नव्हता. त्यांनी सिनेमाचे जुने यंत्र उघडले आणि त्यावरून स्वतःचा कॅमेरा बनवला. त्यांचे नाव बाबूराव पेंटर.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे खरे नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. मेस्त्री म्हणजे आपण ज्याला मिस्त्री म्हणतो तेच. वडील कृष्णराव हे कुशल कारागीर होते. हातात हत्यार कसे धरावे हे बाबूराव घरातच शिकले. कोणत्याही कलाशाळेत न जाता ते चित्रे काढू लागले, मूर्ती घडवू लागले. आनंदराव हे नात्याने त्यांचे भाऊ लागत. तेही उत्तम चित्रकार होते. दोघे मिळून नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवू लागले. पडदा म्हणजे उर्दूतला परदाच. मात्र नाटकाच्या पडद्यावर राजवाडा, जंगल, रस्ता असे देखावे रंगवलेले असत. या दोघांचे पडदे इतके हुबेहूब असत की लोक त्यांना पेंटर म्हणू लागले. पुढे हेच त्यांचे आडनाव झाले.

३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमागृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट लागला. मूकपट म्हणजे आवाज नसलेला चित्रपट. या चित्रपटाने आनंदराव आणि बाबूराव यांना वेड लावले. आपणही चित्रपट काढायचा असे त्यांनी ठरवले. परंतु कॅमेरा कोठून आणायचा? फाळके स्वतः १९१२ साली इंग्लंडला गेले होते आणि तेथून त्यांनी कॅमेरा आणला होता. कोल्हापूरच्या पडदे रंगवणाऱ्या दोन भावांना हे कसे परवडणार? शिवाय १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी यंत्रे मिळणे फारच कठीण झाले.

तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग धरला. मुंबईच्या चोरबाजारातून त्यांनी एक जुना प्रोजेक्टर विकत घेतला असे सांगतात. प्रोजेक्टर म्हणजे पडद्यावर चित्रपट दाखवणारे यंत्र. त्यावर ते लोकांना चित्रपट दाखवू लागले आणि त्याच वेळी ते यंत्र कसे चालते याचा अभ्यास करू लागले.

प्रोजेक्टरवरून कॅमेरा कसा समजतो ते आता नीट लक्षात घ्या. सिनेमाची फिल्म ही एक लांब पट्टी असते. तिच्या दोन्ही कडांना छिद्रे असतात. एक फूट फिल्मवर १६ छोटी चित्रे मावतात. यंत्रातील दाते त्या छिद्रांत अडकतात आणि फिल्म पुढे ओढतात. गंमत अशी की फिल्म सरळ वाहत जात नाही. ती क्षणभर थांबते, मग झटक्याने पुढे सरकते, पुन्हा थांबते. ती सरकत असताना एक फिरती झडप प्रकाश अडवते. झडप नसेल तर सगळे चित्र पुसट दिसेल. कॅमेऱ्यातही हेच घडते. फरक एवढाच की प्रोजेक्टरमध्ये प्रकाश आतून बाहेर जातो आणि कॅमेऱ्यात बाहेरचा प्रकाश भिंगातून आत येतो. म्हणून कॅमेऱ्याची पेटी अशी घट्ट हवी की कोठूनही नको असलेला प्रकाश आत शिरणार नाही. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावा लागे. सेकंदाला साधारण दोन फेरे, तेही एकसारख्या गतीने. हात अडखळला की पडद्यावरचा माणूस धावू लागे.

वाचायला हे सोपे वाटते. पण एका दात्याचे माप केसभर चुकले तरी फिल्म फाटते किंवा चित्र थरथरते. या खटपटीत काही वर्षे गेली. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. कॅमेरा अपुराच होता. ज्याच्याबरोबर स्वप्न पाहिले तोच गेला, तेव्हा बाबूरावांनी हे काम सोडून दिले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पडदे रंगवून त्यांचे पोट भरत होते. पण त्यांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना सोबत घेतले आणि काम पुढे चालू ठेवले. शेवटी १९१८ साली त्यांचा कॅमेरा चालू लागला. माझ्या मते बाबूरावांच्या आयुष्यातील हा सर्वांत मोठा दिवस असला पाहिजे. नंतरचे मानसन्मान त्यापुढे लहान आहेत.

आता कंपनी हवी होती आणि कंपनीसाठी पैसा हवा होता. गायिका तानीबाई कागलकर यांनी तो दिला. राजर्षी शाहू महाराजांचाही आधार मिळाला. अशा रीतीने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात दाखवला गेला. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात स्त्रियांची कामे पुरुषांनी केली होती. बाबूरावांनी ती स्त्रियांना दिली. कीचकाच्या वधाचा प्रसंग तर इतका खरा वाटला की सरकारने तो कापायला लावला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. १९२३ सालच्या ‘सिंहगड’ या चित्रपटात त्यांनी विजेच्या दिव्यांच्या प्रकाशात चित्रण केले.

लालबागमध्ये राहणाऱ्या मुलांनी त्यांचा १९२५ सालचा ‘सावकारी पाश’ हा चित्रपट लक्षात ठेवावा. सावकार एका तरुण शेतकऱ्याला फसवून त्याची जमीन घेतो. शेतकरी शहरात येतो आणि गिरणीत कामगार होतो. लालबाग, परळच्या चाळींत असे हजारो शेतकरी येऊन राहिले होते. तुमच्यापैकी कोणाच्या आजोबांची किंवा पणजोबांची कथाही अशीच असेल. त्या तरुणाचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. देवदेवतांचे आणि राजांचे चित्रपट पाहणाऱ्या लोकांना हा चित्रपट फारसा आवडला नाही. बाबूरावांना मात्र त्या कथेचा विसर पडला नाही. बोलपट आल्यावर १९३६ साली त्यांनी तीच कथा पुन्हा पडद्यावर आणली.

१९२९ साली दामले, शांताराम, शेख फत्तेलाल आणि धायबर हे कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. एकाच वेळी इतके चांगले शिष्य सोडून गेले, हा बाबूरावांना मोठा धक्का होता. थोड्याच काळात त्यांची कंपनी बंद पडली. शेख फत्तेलाल हे त्यांच्याच हाताखाली तयार झालेले चित्रकार. पुढे फत्तेलाल आणि दामले यांनी मिळून ‘संत तुकाराम’ (१९३६) हा चित्रपट दिग्दर्शित केला. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला.

शांताराम यांनी १९४२ साली लालबागला लागून असलेल्या परळमध्ये राजकमल कलामंदिर हा स्टुडिओ सुरू केला. तेथे १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट तयार झाला. त्याचे दिग्दर्शक म्हणून दोन नावे आहेत, बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम. गुरू आता शिष्याच्या स्टुडिओत काम करत होते.

१६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात बाबूरावांचे निधन झाले. त्यांचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. त्या काळची फिल्म चटकन पेट घेई, आणि नीट न ठेवल्यास आपोआपही खराब होऊन तिची भुकटी होई.