पॉलर्सपरीचे विल्यम केरी

मराठी व्याकरणाचा तास आला कीं आमच्या कांहीं विद्यार्थ्यांच्या कपाळास आठ्या पडतात. या व्याकरणाचें अगदीं आरंभींचें एक छापील पुस्तक इंग्लंडच्या लहानशा खेड्यांतील, एके काळीं जोडे शिवणाऱ्या गृहस्थानें रचिलें, हें त्यांस सांगावेंसें वाटतें.

नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यांत पॉलर्सपरी नांवाचें खेडें आहे. तेथें १७६१ सालीं विल्यम केरी यांचा जन्म झाला. वडील हातमागावर कापड विणीत; पुढें ते गांवच्या शाळेचे पंतोजी झाले. उन्हानें त्वचेचा विकार बळावत असल्यामुळें विल्यमला शेतांतील काम सोडावें लागलें, व पिडिंग्टन गांवीं जोडे करणाऱ्या एका कारागिराकडे तो उमेदवारीस राहिला. धन्याच्या फळीवरील एका पुस्तकांत त्यास अनोळखी ग्रीक शब्द आढळले. ते उतरून घेऊन तो पॉलर्सपरीच्या एका विणकराकडे गेला. त्यास थोडें ग्रीक येत असे. हाच त्याच्या भाषाभ्यासाचा आरंभ. पुढें हातानें काम करितां करितां त्यानें लॅटिन व हिब्रूही साध्य केल्या.

१७९३ सालीं केरी मिशनरी म्हणून सहकुटुंब बंगाल्यांत आले. पत्नी डॉरथीबाई प्रथम येण्यास राजी नव्हत्या. पुढच्याच वर्षीं पांच वर्षांचा पीटर दगावला, आणि त्या माउलीचें चित्त कायमचें भ्रमलें. १८०७ सालीं त्या निवर्तल्या. केरींच्या कीर्तीचा हिशेब मांडतांना हें दुःख विसरतां कामा नये.

कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत केरी बंगाली, संस्कृत व मराठी शिकवीत. वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें त्यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण देवनागरींत, व १८१० सालीं कोश मोडी लिपींत छापविला. महाराष्ट्रांत मात्र त्यांचें पाऊल कधींच पडलें नाहीं!

११ मार्च १८१२ रोजीं हुगळीकांठच्या श्रीरामपूर येथील त्यांच्या छापखान्यास आग लागली. अनेक भाषांचे खिळे व वर्षानुवर्षांचीं हस्तलिखितें भस्म झालीं. केरींनीं सहकाऱ्यांसह कामास पुन्हां हात घातला, आणि थोड्याच महिन्यांत छपाई सुरू झाली.

९ जून १८३४ रोजीं श्रीरामपुरासच त्यांचा अंत झाला. पॉलर्सपरीस ते परत गेले नाहींत. मुलांनो, परक्या भाषेचे शब्द उतरून घेऊन विणकराचें दार ठोठावणारा तो मुलगा तुमच्याच वयाचा होता. आपल्या मायबोलीचें व्याकरण उघडतांना त्याची आठवण ठेवा.