खाँसाहेब अब्दुल करीमखाँ : तबकडीतील सूर

आमचे लोंढा हे आगगाडीचे गाव. मिरजेहून बेळगावमार्गे हुबळीकडे जाणारा लोहमार्ग येथूनच जातो. या मार्गाच्या एका टोकास, मिरजेत, किराणा घराण्याचे थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीमखाँ राहत. हुबळीपलीकडील कुंदगोळचे सवाई गंधर्व हे त्यांचे पट्टशिष्य. खाँसाहेबांना निवर्तून ऐंशीहून अधिक वर्षे लोटली, तरीही त्यांचा कंठस्वर आपल्या कानी पडू शकतो. तो कसा टिकला, हे त्यांच्या चरित्राबरोबरच आपण पाहू.

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर हिंदुस्थानातील कैराना या गावी झाला. गायनविद्या त्यांस घरातच लाभली. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायक होते. पुढे महाराष्ट्र हीच त्यांची कर्मभूमी झाली. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय स्थापिले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व इंग्रज अधिकारी क्लेमंट्स हे श्रुतींचे गणित मांडीत असता खाँसाहेबांनी गाऊन त्यांस साहाय्य केले. सूर मोजता येतो, या विचाराचे त्यांस वावडे नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभीच त्यांच्या गाण्याच्या तबकड्या निघाल्या; पुन्हा १९३० नंतरच्या दशकातही निघाल्या. त्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावे. जो राग मैफलीत तासभर फुलावयाचा, तो तेवढ्यात आटोपावा लागे. आवाजाच्या कंपनांप्रमाणे तबकडीवर नागमोडी चर उमटे, आणि त्यातून फिरणारी सुई तीच कंपने पुन्हा जागी करी. मात्र प्रत्येक वेळी सुई तो चर थोडा झिजवीत असे.

१९८२ साली प्रकाशाने वाचली जाणारी तबकडी, म्हणजे सीडी, बाजारात आली. पुढे खाँसाहेबांची जुनी गाणीही तिच्यावर निघाली. सीडीसाठी आवाज दर सेकंदास ४४,१०० वेळा मोजतात व ती मापे एक आणि शून्य या दोनच अंकांत मांडतात. मग लेसर किरणाने काचेच्या तबकडीवर सूक्ष्म खळग्यांची सर्पिल ओळ उमटवितात. तिच्यावरून निकेल धातूचा साचा घडवितात आणि त्या साच्याने प्लास्टिकच्या हजारो प्रती काढून त्यांवर ॲल्युमिनियमचा पातळ थर देतात. ओळीच्या लगतच्या दोन वेढ्यांत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या अवघे १.६ पट अंतर असते. वाचणारा लेसर किरण खळग्याच्या कडेवर आला की परतणारा प्रकाश बदलतो. तो बदल म्हणजे एक, आणि बदल नाही तेथे शून्य. सुई नसल्यामुळे झीजही नाही.

घरी ध्वनिमुद्रण करावयाच्या कोऱ्या सीडीत असे खळगे नसतात. तिच्यात रंगद्रव्याचा थर व किरणास वाट दाखविणारा चर असतो. तीव्र लेसर किरणाने रंगद्रव्य तापून ठिपके उमटतात; तेथून प्रकाश कमी परततो, आणि वाचणारे यंत्र त्यांसच खळगे समजते. पहिली सीडी छापील पुस्तकासारखी, तर दुसरी शाईने लिहिलेल्या वहीसारखी. ही शाई पुसता येत नाही; परंतु ऊन व उष्णता लागली तर ती विटते.

आता एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तबकडी कितीही सुधारली, तरी त्या तीन मिनिटांत जे आले नाही ते तिला देता येत नाही. गदगच्या भीमसेन जोशी यांनी बालपणी खाँसाहेबांच्या ठुमरीची तबकडी ऐकली आणि त्यांस गाण्याचा ध्यास लागला, असे सांगतात. परंतु ते केवळ तबकडीवर विसंबले नाहीत. १९३३ साली ते गुरूच्या शोधात घराबाहेर पडले व अखेर सवाई गंधर्वांपाशी राहून शिकले. तबकडीने ओढ लाविली, विद्या गुरूने दिली.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीस जात असता प्रकृती बिघडल्याने खाँसाहेब सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्थानकावर उतरले. तेथेच ईश्वराची आळवणी करीत त्यांनी देह ठेविला, असे सांगतात. मिरजेच्या दर्ग्यात त्यांची कबर असून तेथे दरवर्षी गायक आपली सेवा रुजू करतात.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरी आजीच्या ओव्या किंवा एखाद्या वडीलधाऱ्याचे भजन सीडीवर असेल, तर ती उन्हापासून जपा व तिची आणखी एक प्रत करून ठेवा. आणि गाणारी व्यक्ती अद्याप आपल्यात असेल, तर तिच्याजवळ बसून ते गाणे शिकून घ्या.