सात हजारांचे तारण

१९५२ साली कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर सात हजार रुपयांसाठी गहाण टाकले. कारण काय, तर त्यांच्या कॉलेजच्या एका पैलवानाला ऑलिम्पिकसाठी फिनलंडमधल्या हेलसिंकीला जायचे होते आणि खर्चाची सोय होत नव्हती. त्या पैलवानाचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमधले पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारा मल्ल, एवढी त्यांची ओळख आपल्या सगळ्यांना असते. पण उभी हयात अकोला-अमरावतीच्या बँक शाखांमध्ये कर्जाचे कागद तपासण्यात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला पदकाच्या आधी ते गहाणखत दिसते.

घर तारण ठेवणे म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगायला नको. पाऊस दगा देतो, कापसाचे भाव पडतात, त्यातच मुलीचे लग्न निघते आणि कास्तकार घराचे कागद पिशवीत घालून बँकेची पायरी चढतो. सही करताना तो कागदाकडे पाहत नाही, सोबत आलेल्या बायकोच्या तोंडाकडे पाहतो. आम्ही मात्र एकच गोष्ट पाहायची, परतफेडीची ऐपत. त्या हिशेबाने खाशाबांचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर तो नामंजूर करण्यावाचून गत्यंतर नव्हते. शेतकऱ्याचा मुलगा, हाती पगार नाही, आणि कर्जाचे कारण काय, तर परदेशी जाऊन कुस्ती खेळणे! प्राचार्यांनी ते कर्ज स्वतःच्या घरावर उभे केले. ऐपतीच्या जागी त्यांनी माणूस पाहिला.

हा माणूस होता तरी कसा?

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. तिथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे पाचव्या वर्षापासूनच मुलाच्या अंगाला लाल माती लागली. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. १९४२ च्या चळवळीने सातारा जिल्हा पेटला, तेव्हा या शाळकरी पोराने भूमिगतांना आसरा देण्याच्या आणि त्यांची पत्रे पोहोचवण्याच्या कामात भाग घेतला. पुढे राजाराम कॉलेजात आल्यावर कोल्हापूरच्या मातीत कसब आणखी घोटले गेले. अंगकाठी लहान, पण चपळाई अशी की समोरच्याला पकड मिळेपर्यंत हा दुसऱ्या बाजूला गेलेला असायचा. ढाक हा त्यांचा खास डाव. दहा मणांचा गडी म्हणजेच पैलवान, अशी समजूत असलेल्या काळात हा बावन्न किलोंचा मल्ल लोकांना पटायला वेळच लागला असणार.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते गेले, ते कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला म्हणून. तिथे गेल्यावर मोठी अडचण समोर आली. आयुष्यभर मातीत लढलेला हा गडी आता गादीवर उभा होता. माती पाय धरून ठेवते, गादीवर पाय सरकतो. मातीतल्या कुस्तीत पाठ टेकवली की निकाल लागतो, तर ऑलिम्पिकमध्ये गुणांचा हिशेब चालतो. शिक्षित बँकवाल्यालाही नव्या पद्धतीची खातेवही समजायला महिने लागतात. खाशाबांनी गादीची भाषा तिथेच शिकायला घेतली. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकी प्रशिक्षकाने त्यांना मार्गदर्शन केले आणि फ्लायवेट गटात ते सहावे आले. कुठल्याही भारतीय मल्लासाठी ही त्या वेळी मोठी मजल होती. गोळेश्वरला परतले ते पुढच्या चार वर्षांचा संकल्प करूनच.

ती चार वर्षे घाम गाळण्यात गेली. वजनगट बदलून ते बँटमवेटमध्ये, म्हणजे सत्तावन्न किलोंत आले. पण निवड चाचणीत पंचांचा कौल विरुद्ध गेला. आपल्यावर अन्याय झाला अशी खाशाबांची खात्री होती. ते गप्प बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली, महाराजांनी पुन्हा कुस्ती लावून दिली आणि खाशाबांनी निरंजन दास यांना चीत करून आपली जागा मिळवली.

जागा मिळाली, पण तिकिटाचे काय? तेव्हा मोरारजी देसाई मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. (आपला वऱ्हाड त्या वेळी मध्य प्रदेशात होता, तो मुंबई राज्यात आला १९५६ साली.) त्यांच्याकडे चार हजार रुपयांची मागणी गेली. स्पर्धा झाल्यावर भेटा, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. सरकारी तिजोरीचे दार असे बंद झाल्यावर गावकरी वर्गणीसाठी घरोघर फिरले, ज्याला जे जमले ते त्याने दिले. तरीही भोक बुजेना, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी घराचे कागद काढले.

हेलसिंकीत पहिल्याच फेऱ्यांमध्ये खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. पुढे जपानच्या शोहाची इशी यांच्याशी गाठ पडली. ही कुस्ती फार लांबली आणि निसटत्या फरकाने खाशाबांच्या हातून गेली. श्वास जागेवर येतो न येतो, तोच सोव्हिएत संघाच्या राशिद मामेदबेयोव्ह यांच्याशी लढायला उभे राहा, असा हुकूम आला. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता. पण तो नियम बोलून दाखवायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. भाषा परकी, अंग थकलेले, बाजूने बोलणारे कोणी नाही. खाशाबा हरले. सुवर्णपदक इशींना आणि रौप्य मामेदबेयोव्ह यांना मिळाले. कांस्यपदक खाशाबांच्या गळ्यात पडले, तो दिवस होता २३ जुलै १९५२. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचेच के. डी. माणगावे वरच्या गटात चौथे आले, त्यांचे पदक थोडक्यात हुकले.

कराडला आगगाडी थांबली, तेव्हा स्टेशनबाहेर १५१ बैलगाड्या उभ्या होत्या. पोळ्याच्या दिवशी गावातल्या पन्नास जोड्या वेशीत उभ्या राहिल्या तर आपण डोळे भरून पाहतो, इथे तर दीडशेच्या वर गाड्या सजून आल्या होत्या. एरवी पंधरा मिनिटांची वाट, त्या मिरवणुकीला सात तास लागले म्हणतात. ते स्वागत त्या लोकांचे होते, ज्यांनी कनवटीचा पैसा काढून दिला होता.

पण माझ्या लेखी खाशाबांची सर्वांत मोठी कुस्ती यानंतरची आहे. पदक मिळाले म्हणून सरकारने बक्षिसांची खैरात केली नाही. प्राचार्यांचे घर अजून गहाणच होते. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लंगोट कसून उतरले, कुस्त्या जिंकल्या आणि मिळालेल्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडवले. ऑलिम्पिकचा पदकविजेता तिकिटाच्या पैशांसाठी पुन्हा मातीत उतरला, ते स्वतःच्या चैनीसाठी नव्हे, कर्ज फेडण्यासाठी. अनेक खात्यांवर मी वसुलीच्या नोटिसा काढल्या आहेत. ऐपत असूनही न फेडणारे पाहिले आणि घरात दाणा नसताना हप्ता आणून देणारेही पाहिले. खाशाबा दुसऱ्या जातीचे होते.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. सत्तावीस वर्षे नोकरी केली, पोलिसांच्या स्पर्धा गाजवल्या, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी मात्र त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा अंत झाला. वय अवघे अठ्ठावन्न.

मग देशाला हळूहळू आठवण येऊ लागली. १९९६ साली लिएंडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्य मिळवले, तेव्हा चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा मल्ल कोण, याची चौकशी सुरू झाली. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर, अर्जुन पुरस्कारही मरणोत्तर, तो २००० सालचा. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले. बँकेच्या भाषेत याला थकबाकी म्हणतात, आणि खातेदार गेल्यावर भरलेली थकबाकी त्याच्या हाती पडत नाही. महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले ते २०२४ साली पॅरिसला, नेमबाज स्वप्निल कुसाळे यांच्यामुळे. मध्ये बहात्तर वर्षे गेली.

वऱ्हाडाला ऑलिम्पिक परके नाही. वैद्य बंधूंनी उभारलेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जाऊन कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले होते. आखाडे आपल्या गावागावांत होते, काही अजून आहेत. पोळ्याच्या सुमारास दंगल भरते, हलगी वाजते, नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात होते. त्या गर्दीत एखादे पोर असते, आपल्याहून दांडग्याला झटक्यात लोळवणारे. आपण टाळ्या वाजवतो, दहा-वीस रुपयांची नोट देतो आणि घरी येतो.

त्या पोराला पुढे दूध लागते, बदाम लागतात, जिल्ह्याबाहेर जायला भाडे लागते, आणि नियम माहीत असलेला एक माणूस मैदानाच्या कडेला उभा लागतो. आता योजना आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, अर्जाचे नमुनेही आहेत. पण अर्ज भरून द्यायला, त्याच्यासोबत तालुक्याला जायला माणूस लागतो. घर गहाण टाकण्याची वेळ आज कोणावर येऊ नये. पण त्या पोरासाठी अर्धा दिवस मोडण्याची ऐपत तर आपल्यापैकी प्रत्येकाची आहे.