केसांचे मलम आणि ताठ मान

केसांना काय लावावे, हा विषय विचारांच्या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु ज्या समाजाच्या कातडीचा रंग आणि केसांचा पोत हेच त्याच्या गुलामगिरीचे प्रमाणपत्र ठरवले गेले, त्या समाजासाठी केस ही किरकोळ बाब राहत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रीच्या कुरळ्या, राठ केसांना गोऱ्या मालकांनी पिढ्यान्‌पिढ्या मेंढीची लोकर म्हणून हिणवले. त्याच केसांसाठी घरच्या भांड्यात मलम कालवणाऱ्या एका कपडे धुणाऱ्या बाईने पुढे स्वतःचा कारखाना उभारला, हजारो स्त्रियांना पोटापाण्याचा धंदा दिला आणि जमावाच्या हातून होणाऱ्या हत्यांचा जाब विचारायला ती थेट राष्ट्राध्यक्षांच्या दारात गेली. जग तिला मॅडम सी. जे. वॉकर म्हणून ओळखते.

तिचे मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. जन्म २३ डिसेंबर १८६७ रोजी, लुइझियाना राज्यातील डेल्टा गावाजवळच्या कापसाच्या मळ्यावर. आई मिनर्व्हा आणि वडील ओवेन हे गुलाम म्हणून राबलेले. १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायद्याने संपली. म्हणून सारा ही त्या घरात स्वतंत्र जन्मलेली पहिली मुलगी. पण बेडी तुटली तरी जमीन मिळाली नाही, पैसा मिळाला नाही. मळा मालकाचाच राहिला आणि घाम यांचाच राहिला. सातव्या वर्षी सारा पोरकी झाली. दहाव्या वर्षाच्या सुमारास ती थोरल्या बहिणीबरोबर मिसिसिपीतील व्हिक्सबर्गला गेली आणि लोकांच्या घरी कामाला लागली. मेहुण्याच्या जाचातून सुटण्यासाठी तिने चौदाव्या वर्षी लग्न केले. १८८५ साली लीलिया ही मुलगी झाली आणि विसाव्या वर्षी सारा विधवा झाली.

पदरी दोन वर्षांचे लेकरू घेऊन ती सेंट लुई शहरात आली. तिथे तिचे भाऊ न्हाव्याचा धंदा करीत होते. सारा लोकांचे कपडे धुऊ लागली. उकळत्या पाण्याचा टब, कडक साबण, वाफ, इस्त्रीचे तापलेले लोखंड आणि दिवसाला साधारण दीड डॉलर मजुरी. त्यातून तिने मुलीला शिकवले, पुढे टेनेसीतील नॉक्सव्हिल कॉलेजपर्यंत पाठवले. स्वतः अक्षरांना पारखी राहिलेली आई मुलीच्या फीसाठी टबावर वाकून राहते, हे चित्र आपल्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

याच काळात साराचे केस गळू लागले. यात तिचा एकटीचा दोष नव्हता. हा त्या काळच्या गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांचा सार्वत्रिक आजार होता. सरळ केसांवर डोक्याच्या त्वचेतले नैसर्गिक तेल मुळापासून टोकापर्यंत सहज घसरत जाते. कुरळ्या केसांच्या वळणावळणातून ते पुढे सरकत नाही. त्यामुळे असे केस टोकाकडे कोरडे पडतात, पिंजारतात आणि तुटतात. त्यात घरात नळ नाही, न्हाणीघर नाही. पाणी भरून आणायचे, तापवायचे, म्हणून डोके कित्येक दिवस धुतले जात नसे. आणि धुतले तर कपड्यांच्याच कडक साबणाने. निकस अन्नाची त्यात भर. कोंडा, खवडे आणि टक्कल हा त्याचा परिणाम. म्हणजे ज्याला गोरे लोक वंशाचा दोष म्हणत होते, तो वास्तविक पाणी, अन्न आणि घर नाकारल्याचा परिणाम होता. अस्वच्छता लादायची आणि मग अस्वच्छ म्हणून हिणवायचे, ही रीत अमेरिकेची एकट्याची नाही.

यावर घरगुती उपाय पूर्वीपासून चालत आले होते. गंधकाची पूड चरबीत किंवा पेट्रोलियम जेलीत कालवून डोक्याला चोळायची. गंधकाने खपल्या सुटतात आणि कोंडा कमी होतो. जेली आणि तेलामुळे केसातला ओलावा टिकतो. या ज्ञानावर कोणा एकाची मालकी नव्हती. त्याचा व्यवस्थित धंदा सेंट लुईमध्ये अॅनी टर्नबो या कृष्णवर्णीय बाईने केला. त्या पुढे अॅनी मॅलोन या नावाने प्रसिद्ध झाल्या. सारा १९०४च्या सुमारास त्यांची विक्री एजंट होती. नंतर दोघींत वैर आले आणि आपली नक्कल झाल्याचा आरोप मॅलोनबाईंनी केला. सारा मात्र सांगत असे की, स्वप्नात एका काळ्या माणसाने येऊन तिला औषधाची कृती दिली. स्वप्नावर विश्वास ठेवायचे कारण नाही. तिने कृती इतरांकडून उचलली, स्वतःच्या डोक्यावर वापरून पाहिली आणि त्यात फेरफार केला, असे मानणे सयुक्तिक. यात तिचा मोठेपणा कमी होत नाही. पण मॅलोनबाईंचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

१९०५ साली सारा डेन्व्हरला गेली, तेव्हा तिच्याजवळ दोन डॉलरसुद्धा नव्हते. दिवसा स्वयंपाकीण म्हणून काम आणि उरलेल्या वेळात मलम तयार करून दारोदार विक्री. १९०६ साली तिने वृत्तपत्रांच्या जाहिरातींचे काम करणाऱ्या चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी लग्न केले आणि आपल्या मालाला नाव दिले मॅडम सी. जे. वॉकर. या नावात मोठा अर्थ आहे. दक्षिणेतील गोरे लोक कितीही वयाच्या कृष्णवर्णीय बाईला नुसत्या नावाने हाक मारीत. तिला मिसेस म्हणणे त्यांना कमीपणाचे वाटे. आपल्या आजीला गावात कोणत्या नावाने हाक मारली जात असे, ते आठवून पाहा. साराने आपले पहिले नावच डबीवर छापले नाही. विकत घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला मॅडम म्हणावेच लागले. कपडे धुणारी सारा इथे संपली. यापुढे आपणही त्यांना मॅडम वॉकरच म्हणू.

त्यांच्या पद्धतीत मलम ही एकच गोष्ट नव्हती. आधी सौम्य वनस्पतिजन्य शाम्पूने डोके वरचेवर धुणे, मग त्वचेला मलम चोळणे, मग हलके तेल लावून तापवलेल्या फणीने केस विंचरणे असा क्रम होता. मलमाची डबी ५० सेंटला मिळे. पेट्रोलियम जेली, गंधक, मधमाशांचे मेण आणि खोबरेल तेल असा तो साधा माल. त्यातला कोणताही जिन्नस जादूचा नव्हता. डोके नियमाने धुवा, ही शिकवण हाच औषधाचा अर्धा गुण. तापवलेली फणी त्यांनी शोधली, असे अनेक ठिकाणी छापले जाते; ते चूक आहे. ती फणी आधीपासून वापरात होती.

या फणीवरून त्यांच्यावर टीका झाली. काळ्या स्त्रियांना गोरीसारखे दिसायला लावून त्या न्यूनगंडाचा व्यापार करतात, असे त्यांच्या समाजातलेच पुढारी म्हणत. टीका पोकळ नव्हती. केस सरळ दिसावेत ही ओढ गोऱ्यांच्या वर्चस्वातूनच आली होती, आणि मॅडम वॉकर यांच्या धंद्याला तिचा फायदा झाला. त्या मात्र आग्रहाने सांगत की आपला धंदा केस सरळ करण्याचा नाही, केस निरोगी करण्याचा आहे. त्यांच्या हयातीत त्यांनी कातडी उजळवणारा माल विकला नाही, हेही नोंदवले पाहिजे. त्यांच्या मृत्यूनंतर कंपनीने तो विकला.

या वादाकडे आपण आपल्या अनुभवातून पाहू शकतो. १९१३ साली मॅडम वॉकर यांच्या लेकीने न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये त्यांचे केशालय थाटले. त्याच वर्षी बाबासाहेब हार्लेमला लागूनच असलेल्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी आपल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि अंगावरचे जड दागिने सोडायला सांगितले. ती सवर्ण स्त्रियांची नक्कल होती काय? नाही. ज्या खुणेवरून माणूस लांबूनच अस्पृश्य म्हणून ओळखला जातो, ती खूण पुसण्याचा तो कार्यक्रम होता. शोषिताने आपला वेश बदलला की त्याला नक्कल म्हणणे सोपे असते. बदल कोणाच्या लाजेपोटी केला आणि कोणाच्या स्वाभिमानासाठी केला, हा खरा प्रश्न आहे. मॅडम वॉकर यांच्या धंद्यात या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या होत्या, असे प्रामाणिकपणे म्हणावे लागेल.

१९१० साली त्यांनी इंडियानापोलिस येथे बस्तान बसवले आणि १९११ साली कंपनी नोंदवली. फ्रीमन रॅन्सम हे कृष्णवर्णीय वकील त्यांच्या कंपनीचा कारभार पाहू लागले. १९१२ साली शिकागोला बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या निग्रो बिझनेस लीगचे अधिवेशन होते. पुरुष व्यापारी एकामागून एक बोलत होते, मॅडम वॉकर यांना मात्र वॉशिंग्टन बोलू देत नव्हते. अखेर त्या आपल्या जागेवरच उभ्या राहिल्या. आपण कापसाच्या शेतातून टबाकडे, टबाकडून स्वयंपाकघराकडे आणि तिथून स्वतःच्याच बळावर धंद्यात आलो, आपल्या जमिनीवर आपला कारखाना बांधला, हे त्यांनी भर सभेत सुनावले. दुसऱ्या वर्षी त्याच लीगने त्यांना वक्त्या म्हणून बोलावले.

इंडियानापोलिसच्या एका थिएटरात काळ्या माणसाकडून १० ऐवजी २५ सेंट मागितले जात. मॅडम वॉकर यांनी पैसे फेकून आत जाण्याऐवजी रॅन्सम यांना दावा लावायला सांगितले. २५ सेंट त्यांना जड नव्हते. पण अपमानाची किंमत परवडते म्हणून ती द्यायची नसते, हे त्यांना कळत होते. वकिलीत मी याच्या उलट प्रकार पुष्कळ पाहिला आहे. आपला शिकलेला, कमावता माणूस अपमान गिळतो आणि प्रकरण मिटवून टाका म्हणतो.

१९१६ साली त्या हार्लेमला राहायला गेल्या. जुलै १९१७ मध्ये ईस्ट सेंट लुई येथे गोऱ्यांच्या जमावाने कृष्णवर्णीयांची घरे जाळली, अनेकांना ठार मारले. १ ऑगस्टला हार्लेमच्या पुढाऱ्यांबरोबर त्या निवेदन घेऊन व्हाइट हाउसला गेल्या. राष्ट्राध्यक्ष विल्सन भेटले नाहीत. ते कामात आहेत, असे सचिवाने सांगितले. त्याच महिन्याच्या अखेरीस फिलाडेल्फियाला त्यांच्या एजंट स्त्रियांचे अधिवेशन भरले. २००च्यावर स्त्रिया जमल्या. जास्त माल विकणारीला बक्षीस होतेच, पण आपल्या वस्तीसाठी जास्त दान करणारीलाही होते. या स्त्रियांनी विल्सन यांना तार करून लिंचिंगविरुद्ध कायद्याची मागणी केली. काल-परवापर्यंत धुणीभांडी करणाऱ्या बायकांनी केसांच्या मलमाच्या अधिवेशनातून देशाच्या सरकारला केलेली ही मागणी होती. लिंचिंग हा केंद्रीय गुन्हा ठरवणारा कायदा अमेरिकेत २०२२ साली झाला. मधे १०५ वर्षे गेली.

२५ मे १९१९ रोजी, वयाच्या ५१व्या वर्षी, मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. त्याच महिन्यात त्यांनी लिंचिंगविरोधी चळवळीला ५,००० डॉलर देऊ केले होते. पुढच्या निव्वळ नफ्यातला दोन तृतीयांश वाटा त्यांनी मृत्युपत्राने समाजकार्यासाठी ठेवला. त्या दशलक्षाधीश होत्या असे सगळीकडे लिहिले जाते. प्रत्यक्षात मालमत्तेची मोजदाद त्याच्या खालीच भरली. पण आपण त्यांना डॉलरने मोजावे का?

वाचकहो, आपल्याकडेही आता मागासवर्गीय उद्योजकांच्या यशकथा छापून येतात. झोपडीतून बंगल्यापर्यंत, एवढीच त्यांची गोष्ट. मॅडम वॉकर यांचीही अशीच गोष्ट सांगितली जाते आणि कोर्टातला दावा, तार, मृत्युपत्र हे सगळे गाळले जाते. मग उरते ती केवळ डबीची जाहिरात. त्यांनी पैसा मिळवला हे खरे. पण त्यांनी टबावरून एकटीने उठण्यात समाधान मानले नाही, हजारो जणींना उठवले आणि उठलेल्या बायांना संघटित केले.

केसांचा प्रश्न तिथे अजून संपलेला नाही. नैसर्गिक कुरळ्या केसांवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करता येणार नाही, असा कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ साली केला. त्यानंतर इतर अनेक राज्यांनी केला. २१व्या शतकातही केस आहेत तसे ठेवण्यासाठी कायदा करावा लागतो, यावरून वर्णवर्चस्व किती खोल रुजलेले असते ते कळते.

म्हणून आपल्या बचत गटातल्या ज्या भगिनी घरी शिकेकाई कुटतात, तेल उकळतात, साबण पाडतात, त्यांच्या कामाला कोणी किरकोळ म्हणू नये. त्यांनीही ते किरकोळ समजू नये. डबीवर आपले नाव सन्मानाने छापा, कारखाना आपल्या मालकीचा करा, आणि मिळालेल्या पैशातला वाटा ज्या वस्तीतून वर आलो त्या वस्तीच्या न्यायासाठी ठेवा. मलम कोणीही कालवू शकतो. मॅडम वॉकर यांनी त्यातून मान ताठ ठेवण्याची सवय लावली, आणि ती घेण्यासारखी आहे.